तिसरं पाणी

उन्हात ठेवलेलं घंगाळ दहा वाजेपर्यंत चांगलं तापलं. वर कडुनिंबाचा पाला तरंगत होता, तळाशी हळद बसली होती. पेच्चीने कोपर बुडवून पाहिलं आणि नातीला हाक मारली.

"इसक्की, चल गं. तिसरं पाणी, शेवटचं. आज अम्माला हसतमुखाने वाटेला लावायचं."

पाच वर्षांची इसक्की केळीच्या पानावरून उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मला नाही न्हायचं."

घरात अम्मा येऊन आज बारा दिवस झाले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर कांजिण्या लिहिलं होतं, पण ते नाव त्या गल्लीत कोणी तोंडातून काढत नसे. पुरळाला मोती म्हणायचं, फोडणी बंद ठेवायची, दारावर पाला खोवायचा. बाहेरून येणाऱ्यासाठी उंबऱ्यापाशी पाण्याची कळशी. पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि कोणी दारातून विचारलंच, तर देवीचं नाव न घेता सांगायचं, अम्मा आली आहे.

इसक्कीच्या आजोबांनी, चेल्लय्यांनी, हे सगळं पाळलं होतं, आणि शिवाय डॉक्टरीणबाईंचंही सगळं. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं मांडण्यात गेलेला माणूस. दोन्हीकडची एकही ओळ सुटायला नको, असं त्यांचं चाललेलं. नात झोपली की मनगटावरच्या घड्याळात बघत तिचे श्वास मोजायचे. घडीघडीला कपाळाला हात लावायचा.

"कपाळ झिजेल पोरीचं," पेच्ची म्हणायची.

आज सकाळीच तिरुपूरहून मुलीचा, इसक्कीच्या आईचा, वडिवूचा, फोन आला होता. तिला सातवा महिना होता आणि लहानपणी तिच्या अंगावर कधी मोती उठले नव्हते. पोरीच्या अंगावरचा शेवटचा फोड वाळेपर्यंत पोटुशीने या घरात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं.

"अप्पा, नीट बघितलंत ना? निघू ना मी?"

चेल्लय्यांनी चष्मा लावून नातीला टाळूपासून तळव्यापर्यंत बघितलं होतं. सगळ्या खपल्याच. "नीघ," ते म्हणाले होते. इतक्या खात्रीने ते आयुष्यात क्वचितच काही बोलले असतील.

"का गं नाही न्हायचं?" पेच्ची म्हणाली. "अम्माचा खोळंबा करू नये."

"अम्मा जाणारच नाहीये. हे बघ." इसक्कीने झगा वर केला.

बेंबीशेजारी एक लालबुंद ठिपका होता. त्याच्याखाली आणखी दोन.

चेल्लय्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळी हे नव्हते. की होते, आणि आपल्यालाच दिसले नाहीत? त्यांनी फोन उचलला, वडिवूचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बस सुटली असणार. बसमधल्या गाण्यांत कुठला ऐकू जातोय.

"मी म्हणत होतो, आणखी दोन दिवस थांबू," ते म्हणाले. असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

"अहो, हात लावून तर बघा. लांबून काय पंचांग वाचताय?"

ते उकिडवे बसले. भीत भीत बोटाचं टोक ठिपक्यावर टेकवलं. हाताला काहीच लागलं नाही. बोट मात्र लाल झालं.

देवीच्या दिव्यापाशी कुंकवाचा करंडा उघडाच पडला होता.

"शहाणे!" पेच्चीला हसू आवरेना. "प्रत्यक्ष अम्माला फसवतेस?"

"का केलंस गं असं?" चेल्लय्यांनी विचारलं.

इसक्कीने आजीकडे बोट दाखवलं. त्या बोटालाही कुंकू होतं. "आच्चीच सगळ्यांना सांगत होती, अम्मा आली, अम्मा आली. मला दिसली नाही, पण आली होती ना? मी तिच्यासाठी पेज ठेवायची. आता पाणी घातलं की ती जाणार."

पेच्चीचं हसू थांबलं.

पोरीला अम्मा एकच ठाऊक होती, तिची आई. बारा दिवस ती कुरकुर न करता कशी पडून राहिली, याचं चेल्लय्यांना नवल वाटलं होतं. पेजेचा शेवटचा घोट वाटीत का उरतो, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. किती प्याली तेवढं कागदावर टिपून ठेवलं होतं.

"अगं वेडाबाई," ते म्हणाले, "ही अम्मा गेली म्हणजे तुझी अम्मा येणार. तिरुपूरची. निघालीसुद्धा ती."

"शपथ?"

"शपथ."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ रोखून बघितलं. मग आपण होऊन न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली. पेच्चीने डोक्यावरून पाणी ओतलं. ठिपके ओघळले, आणि एक बारीक लाल रेघ पाल्याबरोबर वाहत केळीच्या बुंध्याशी गेली.

फोन वाजला.

"अप्पा, दोनदा फोन येऊन गेला तुमचा. काय झालं? उतरू का मी?"

"काही नाही." चेल्लय्यांनी बोट धोतराला पुसलं. "खिडकीशी बसू नकोस म्हणायचं होतं. वारा लागेल."

पेच्ची नातीचे केस पंच्याने टिपत होती. पंच्याच्या आतून आवाज आला.

"तात्ता."

"काय गं?"

"ती आली ना, की तिला पाणी नाही घालायचं हं."

पेच्चीचा हात तसाच राहिला. चेल्लय्या उठले, उंबऱ्यापाशी गेले. पाय धुण्यासाठी भरून ठेवलेली कळशी त्यांनी उचलली आणि आत आणून ठेवली.