रंगवायचा राहिलेला हात

कल्पना करा, मुलांनो. काचेसारखी पारदर्शक शीट आहे. पुढच्या बाजूला काळ्या रेषांनी एक दर्यावर्दी मुलगी काढली आहे, मागच्या बाजूने रंग भरले आहेत. अशा हजारो शीट एकामागून एक समुद्राच्या चित्रावर ठेवून, प्रत्येकीचा फोटो काढून जुन्या काळी साहसाचे कार्टूनपट व्हायचे. आता एका शीटवर मुलीचा हात रंगवायचा राहिला, तर? हाताच्या जागी समुद्र दिसणार. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच.

तरुणपणी आजी अशा शीट रंगवायच्या कामाला होती, आणि तो हात तिच्याकडून राहिला होता. आज अशा जुन्या शीट जमवणारे एक संग्राहक ती बघायला घरी येणार होते.

"एवढ्या लांबून माणूस येतोय, माझी फजिती बघायला," आजी म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आठ वर्षांच्या नातीने रंगपेटी उघडली. गुलाबी आणि पिवळा कालवला, शीट उलटी केली आणि हात भरून टाकला. रेषेबाहेर ठिपकासुद्धा गेला नाही.

संग्राहक आले. हातमोजे चढवून त्यांनी शीट खिडकीसमोर धरली. बराच वेळ धरली.

"आजी, ही दुसरी दिलीत का? मी त्या रिकाम्या हातासाठी आलोय. लहानपणी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला, त्या एवढ्याशा क्षणासाठी. आम्हा संग्राहकांत अजून भांडणं चालतात. निम्मे म्हणतात ती मुलगी जादूगार होती, निम्मे म्हणतात भूत."

"डोंबलाची जादूगार! जेवणाची सुट्टी झाली नि मी ब्रश टाकून उठले. पुढे साहेबांनी सगळ्यांदेखत ही शीट माझ्यासमोर आपटली. म्हणाले, घरी नेऊन टांगा." आजीने चष्मा लावला. "हीच तर आहे. बघू... अगं बाई! हा हात कुणी रंगवला?"

संग्राहक खुर्चीत बसले. त्यांनी हातमोजे काढले.

"अशी दुसरी कुठेच नाही हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता.

"मी रंगवला," नात म्हणाली. "तुम्ही आजीला हसला असता."

आजीने नातीकडे पाहिलं, मग संग्राहकांकडे.

"हसायला नव्हते आले गं ते," ती म्हणाली.

नातीने शीट उचलली आणि टेबलावर पालथी घातली. फ्रॉकचं टोक जिभेने ओलं केलं, आणि श्वास रोखून करंगळीपासून पुसायला सुरुवात केली.