चाचणीपुरता डेस्कटॉप

"हाही नको," बाबा म्हणाले, तशी मृदुला चक्रावलीच. त्यांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपेल असा लिनक्सचा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, ती रोज एक नवा पेनड्राइव्हवरून चालवून दाखवत होती. एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपला त्यांनी नाक मुरडलं. एलएक्सक्यूटी तर त्याहून हलका, तरी तेच.

"अहो बाबा, सगळे कसे पळताहेत! मग बिनसतंय कुठे?"

"रात्री तुझ्या आईचा फोटो स्क्रीनवर लावून ठेवतो. सकाळी बघावं तर गायब! एकही डेस्कटॉप तिला ठेवून घेत नाही."

मृदुलाच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "बाबा, ही नुसती चाचणी होती. लॅपटॉप बंद केला की सगळं पुसलं जातं. डेस्कटॉप कायमचा बसवला की फोटो राहील."

बाबांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "मग आधी सांगायचंस ना, पोरी! रोज सकाळी नव्याने जात होती ती."