आत्ता पाण्यात

दादा घरामागच्या समुद्रात सर्फिंगला गेला तो परतलाच नाही. तो पाण्यात उतरलाय हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून सर्फिंगवाल्यांसाठी मी वेबसाइट बनवायला घेतली आणि तीत एक चौकट केली: ‘आत्ता पाण्यात’. उतरताना बटण दाबायचं, बाहेर आल्यावर पुन्हा दाबायचं.

साइट अजून माझ्याच कॉम्प्युटरवर होती. सभासद एकही नव्हता. तरी चौकटीत आकडा दिसला: १.

मी पुसला. परत आला. सगळं नव्याने लिहिलं, तरी आला.

मागे वहिनी येऊन उभी राहिली होती.

“नका पुसू, भाऊजी. वर्ष झालं, एकटेच आहेत ते.”

ती जिना उतरून गेली. चपला दारातच राहिल्या.

मी हट्टाने पुन्हा पुसला.

या खेपेला आकडा आला: २.