न बोललेलं स्वगत

नाटकाचं पहिलं वाचन झालं त्याच दिवशी भाकीतयंत्राने कुमुदिनीला स्पर्धेचं अभिनयपदक देऊन टाकलं. यंत्र आजवर चुकलं नव्हतं. कारण मात्र बंद लिफाफ्यात होतं, ते प्रयोगानंतरच वाचायचं.

"मग तालमी कशाला करू?" तिने दिग्दर्शक भार्गवरावांना विचारलं.

"बक्षिसांना किंमत नसते म्हणतेस ना? मग मिळालं तर तुझं काय बिघडलं?"

स्पर्धेच्या प्रयोगात तिने यंत्राला खोटं पाडायचं ठरवलं. शेवटचं लांबलचक स्वगत ती बोललीच नाही. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्यं पुरवून थकला, ती नुसती उभी राहिली. प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या थांबेनात.

भार्गवरावांनी लिफाफा फोडून तिच्या हातात दिला. आत एकच ओळ होती: शेवटचं स्वगत न बोलल्याबद्दल.