सगळ्यात आखूड पट्टी

"या बाटलीत काय आहे?" दशांशने विचारलं.

"झोपेचं," सिस्टर म्हणाल्या. त्याच्या वडिलांच्या जिभेवर थेंब सोडून त्यांनी बाटली लगेच खिशात घातली.

दशांश हे त्याचं ऑफिसातलं नाव. शहरातल्या मृत्यूंचे आकडे जुळवणं हे त्याचं काम. हा माणूस भाजीची चवसुद्धा टक्क्यांत सांगतो, असं त्याची बायको म्हणायची.

जो जिथं गेला, तो तिथल्या खात्यावर, असा त्याचा सरळ हिशेब. या वर्षीच्या तक्त्यात मोठ्या सरकारी रुग्णालयाची पट्टी बाकी सगळ्या पट्ट्यांहून उंच गेली होती. त्याने एकेक मजला वेगळा काढून पाहिला, तर पाणी दुसऱ्या मजल्यावर मुरत होतं, याच सिस्टरांच्या वॉर्डात. आणि त्याचे वडील, छातीचं दुखणं बळावलं म्हणून, नेमके इथंच दाखल!

"तुमच्याकडे माणसं फार जातात, सिस्टर."

"येतातच उशिरा," एवढं बोलून त्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीजवळ जाऊन बसल्या. संध्याकाळी ती खाट रिकामी होती.

झालं! दशांशची खात्रीच पटली.

बहीण ऐकून उसळली. "काहीतरीच काय, दादा! स्वतःच्या हातानं भरवतात त्या बाबांना. त्या दिसल्या की बाबा हसतात तरी."

"हसतील नाहीतर काय! औषधच तसलं देते ती."

"देवा रे! माणसं दिसतात का रे तुला कधी?"

"आकड्यांना कुणाची भीड नसते," तो म्हणाला.

त्याने साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवला. चौकशी होईपर्यंत सिस्टरांना घरी बसवलं गेलं. निघताना त्यांनी वडिलांचं पांघरूण सारखं केलं आणि दशांशकडे न बघता गेल्या. चोराच्या मनात चांदणं, तो मनाशी म्हणाला.

पण त्या वॉर्डावरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. तक्त्यातली सगळ्यात आखूड पट्टी टेकडीवरच्या खासगी रुग्णालयाची होती. तिथं वर्षभरात जेमतेम कुणी दगावलं होतं. "नको रे, इथंच बरं आहे," असं वडील पुटपुटत राहिले, पण त्याने त्यांना तिथं हलवलंच. लख्ख खोल्या, मऊ गाद्या, हसून बोलणारी माणसं. दशांशला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

आठवड्याभरात तिथल्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. चहा मागवला.

"वडिलांना हलवू या आता. गाडी सांगून ठेवलीय."

"घरी?" दशांशचा चेहरा उजळला. बहिणीला कधी एकदा फोन करतो असं त्याला झालं.

"नाही, घरी नाही. मोठ्या रुग्णालयात. दुसऱ्या मजल्यावर."

"तिथं? अहो डॉक्टर, तिथं माणसं मरतात!"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हो ना. शेवटचे एक-दोन दिवस उरले की आमचे सगळे पेशंट आम्ही तिथंच पाठवतो. काळजी करू नका, तिथल्या सिस्टर फार मायेनं करतात शेवटचं."