पुठ्ठ्याचं शहर

"ओत!" मावशी म्हणाली आणि टकळीने झारी वाकडी केली.

जेवणाच्या टेबलावर अख्खं शहर पसरलं होतं. टकळीची आई नगररचनाकार, तिने नव्या गटारांसकट पुठ्ठ्याचा नमुना करून त्याला मेण फासलं होतं. उताराच्या तळाशी लाल दुकान. ते मावशीचं, शिवणकामाचं. दरवर्षी पाऊस जास्तच पिसाळत चालला होता. गेल्या खेपेला दुकानात गुडघाभर पाणी शिरलं.

"नमुन्यात दुकान बुडलं, तर मी ते विकून मोकळी," मावशीने ठणकावलं होतं.

शाळा सुटली की टकळी त्या दुकानातच पडीक असायची. तिथे तिला सगळं माफ होतं. फक्त कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही. धार जाते. एकदा तिने त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला, तर मावशीने चक्क अबोला धरला.

झारी रिकामी झाली. लाल दुकान कोरडं ठणठणीत!

"माझी गटारं पास झाली!" आईने गिरकीच घेतली.

टकळी मात्र गटारांचं पाणी झेलायला ठेवलेल्या ताटलीकडे बघत राहिली. ताटलीत थेंब नव्हता. तिने एक झाड चिमटीत दाबलं. टपटप पाणी गळलं. झाडं तिनेच केली होती, आंघोळीच्या नव्याकोऱ्या स्पंजाची.

"आई, गटारांनी काहीच नाही केलं गं. सगळं पाणी माझी झाडं प्यायली."

आईने झाडं उपटली आणि पुन्हा झारी भरून ओतली. दुकान बुडालं.

मावशीने पिशवी उचलली.

आई ओला स्पंज पिळत उभी होती. मग एकदम म्हणाली, "आपण नुसतं पाणी पळवत सुटलोय. जमिनीला पिऊच देत नाही!" तिने दुकानाच्या वरच्या अंगाच्या भल्यामोठ्या वाहनतळावर बोट ठेवलं. "हे काँक्रीट काढायचं. इथे माती, झाडं. टकळे, स्पंज उरलाय?"

"बाबांचा आहे की!"

आईने वाहनतळावर सुरी चालवली. मेणाचा पुठ्ठा दाद देईना.

दारापर्यंत गेलेली मावशी थांबली, परत आली. पिशवीतून कापडाची कात्री काढून तिने टकळीच्या हातात दिली.

"बघतेस काय? काप. धार पुन्हा लावता येते."