मागची फळी

त्रिंबकनं होडीतली मागची फळी करवतीनं कापून काढली आणि तिथं बर्फाची पेटी बसवली. त्याची बायको मंजुषा भाकरी घेऊन माजलगावच्या धरणावर आली, ती बघतच राहिली.

"मी कुठं बसू?"

"तू आता घरीच बस. तुझ्या बसण्यापायी उगं जागा अडकून पडलती. इथं चाळीस किलो मासळी मावती."

"बारा वर्सं मी नुसती बसून व्हते व्हय?" तिनं भाकरीचं फडकं काठावर आदळलं.

तो होडी पाण्यात ढकलून चढला, नेहमीसारखा पुढं जाळं घेऊन उभा राहिला आणि मागं न बघताच म्हणाला, "हं, मार वल्हं."

काठावरून मंजुषा म्हणाली, "पेटीला सांगा."